सुपारीच्या कागदावर काय लिहायचं राहून जातं?

चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग काही बातम्याही येतात. अमुक गावात तमाशात गोंधळ, कुठे दगड आले, कुठे खेळ मध्येच बंद पडला आणि कलावंतांना पोलिसांच्या संरक्षणात गावाबाहेर काढावं लागलं. २०२३ मध्ये एका लोकप्रिय नृत्यांगनेचं कपडे बदलतानाचं चोरून केलेलं चित्रीकरण फोनाफोनांवर फिरलं आणि त्याचा गुन्हाही नोंदवला गेला. अशा वेळी चर्चा होते ती बंदोबस्ताची. पोलीस किती होते, बाउन्सर का नव्हते, पोरं पिऊन आली होती का.

हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण उशिराचे आहेत. तमाशातल्या किंवा लावणीच्या बारीतल्या बाईची रात्र सुरक्षित जाणार की नाही, हे बरंचसं महिना-दीड महिना आधीच ठरलेलं असतं. गाव आणि फड म्हणजे तमाशाची मंडळी, यांच्यात सुपारीचा म्हणजे खेळाच्या ठरावाचा कागद होतो, त्याच दिवशी. त्या कागदावर काय असतं, काय नसतं आणि कायदा त्याबद्दल काय म्हणतो, ते इथे सोपं करून सांगतो.

यात्रेतली रात्र ठरते कशी

शहरातल्या वाचकासाठी थोडी ओळख. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव ही तमाशाची पंढरी. हंगामाच्या तोंडावर तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं जीपगाड्या भरून येतात, दोन-चार राहुट्या फिरतात, भाव करतात आणि तारीख पक्की करतात. या ठरावाला सुपारी म्हणतात. कागदावर गावाचं नाव, तारीख, ठरलेली रक्कम, विसार किती दिला आणि खेळ किती वाजता सुरू होणार, एवढं असतं. तो पानभरही भरत नाही.

फडमालकाचं गणित वेगळं असतं. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात: ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, नाचणाऱ्या बाया, वगातली नटमंडळी, तंबू ठोकणारे, आचारी, ड्रायव्हर. यातल्या अनेकांनी हंगामाआधीच मालकाकडून उचल घेतलेली असते. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांची उचल ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पैसे आधी घेतले, खर्चही झाले, आता हंगामभर काम करून ते फेडायचे. अशा माणसाला एखाद्या रात्री काही विपरीत झालं तर 'मी उद्यापासून येत नाही' म्हणायची सोय नसते. पुढे कायद्याचं बोलताना ही उचल ध्यानात ठेवा.

कनातीमागे

आमच्या गावच्या यात्रा कमिटीत मी काही वर्षं हिशेब लिहिले. तिसऱ्या की चौथ्या वर्षीची गोष्ट. मंचामागे कपडे बदलायला कनात उभारून झाली होती. फडातल्या एक ज्येष्ठ कलावंत, ज्यांना सगळे अक्का म्हणत, मला म्हणाल्या, "भाऊ, जरा बाहेर उभं राहून बघता का, काय दिसतंय ते?"

त्या आत गेल्या आणि त्यांनी बल्ब लावला. बाहेर काळोख, आत उजेड. कनातीच्या पांढऱ्या कापडावर त्यांची अख्खी सावली पडली. हात वर केला, निरी सोडली, केसांचा आकडा काढला, सगळं स्वच्छ कळत होतं. त्या सावलीसमोर आठ-दहा पोरं आधीच उकिडवी बसली होती. इतकी वर्षं ती तिथेच बसत असणार आणि आम्हाला वाटायचं की मागून ऐकू चांगलं येतं म्हणून बसतात.

"अक्का, सगळं दिसतंय."

"दिसणारच. मी दर गावात कमिटीतल्या एकाला बघायला लावते. तुमच्या डोळ्यांनी दिसलं की ताडपत्री येते. आम्ही तोंडानं सांगितलं तर येत नाही."

ट्रॅक्टरवरची ताडपत्री सोडून कनातीला आतून लावायला पंधरा मिनिटं लागली. पैसे काहीच लागले नाहीत. पुढच्या वर्षी आम्ही शाळेची एक खोलीच दिली, आतून कडी लागणारी.

त्या रात्री मी आणखी एक गोष्ट पाहिली, जी तोवर नुसती ऐकली होती. पायांत चाळ बांधलेल्या बाईला पळता येत नाही. किलोकिलोंचे घुंगरू घोट्यापासून वरपर्यंत आवळलेले असतात आणि ते सोडवायलाही वेळ लागतो. मंचावर कुणी चढून आलं तर तिला फक्त मागे सरकता येतं. तेव्हा मागे जायची वाट उंच-सखल आहे का, तिथे जनरेटरच्या वायरी पसरल्यात का, गाडी किती पावलांवर उभी आहे, या गोष्टी तिच्या दृष्टीने बंदोबस्ताइतक्याच महत्त्वाच्या आहेत. शौचालयाचंही तेच. शाळेच्या शौचालयाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई गर्दीत कुठेतरी, म्हणून बायांनी रात्री दीड वाजता शेताच्या बांधाला जायचं. छेडछाडीचे निम्मे प्रसंग मंचावर घडतच नसतील, असं मला तेव्हापासून वाटतं.

दुपारचा आखाडा आणि रात्रीचा मंच

"यात्रेची गर्दी आहे, थोडंफार चालायचंच," हे नेहमीचं उत्तर. पण त्याच यात्रेत दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा हगामा असतो. गर्दी तीच, पोरं तीच, कित्येकदा दारूही तीच. तरी पैलवानांच्या अंगावर कुणी जात नाही. आखाड्याभोवती फक्कीची रेघ मारलेली असते, पंच असतात, वस्ताद असतात. इनाम द्यायचं तर ते पंचांच्या हाती द्यायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. रेघ ओलांडली तर गावातलीच माणसं कॉलर धरून मागे ओढतात.

मंचावर दौलतजादा होते तेव्हा काय होतं पाहा. दौलतजादा म्हणजे खूश झालेल्या प्रेक्षकाने कलावंताला दिलेला पैसा. देणारा थेट मंचाशी येतो आणि नोट तिच्याच हाती द्यायचा हट्ट धरतो. नोटेचं टोक सोडत नाही, बोटं धरून ठेवतो. इथेही रेघ मारता येते. पैसे सोंगाड्याने किंवा कमिटीच्या माणसाने ताटात घ्यायचे आणि देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारायचं. देणाऱ्याचा मान राहतो, पैसाही येतो, हात लागत नाही. ज्या फडांचं गावात वजन आहे ते अशी पद्धत पाळायला लावतात. लहान फडाला ते जमत नाही, त्यांना गावाची साथ लागते.

बैलगाडा शर्यतीचंही उदाहरण देतो, कारण तिच्या नियमांवर गावोगाव बोलणं झालेलं आहे. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, धावपट्टीच्या लांबीला मर्यादा, हे सगळं आलं. कमिट्या कागदपत्रं करतात, फोटो काढतात, अर्ज वेळेत देतात. म्हणजे नियम पाळायची ताकद गावात आहे. तीच ताकद कलावंत बाईसाठी लावा, एवढंच मागणं आहे.

कायदा काय म्हणतो

राजस्थानात १९९२ मध्ये बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवी या सरकारी कार्यकर्तीवर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून पुढे १९९७ चा विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. त्याला बोलताना सगळे 'पॉश' म्हणतात, मीही तेच म्हणतो. हा कायदा ऑफिसांसाठी आहे असा समज पक्का बसलाय. मुळात तो शेतातून, रस्त्यातून, गावकीतून आलेला आहे.

त्यातली कामाच्या जागेची व्याख्या फार मोठी आहे. मनोरंजनाचा व्यवसाय तिच्यात नाव घेऊन आहे. कामानिमित्त जावं लागतं ती प्रत्येक जागा आणि मालकाने दिलेली गाडीसुद्धा तिच्यात येते. म्हणजे मंच, कनात आणि फडाचा ट्रक, तिन्ही कामाच्या जागा ठरतात. कर्मचाऱ्याची व्याख्याही तशीच: रोजंदारीवरची, हंगामी, ठेकेदारामार्फत आलेली, बिनपगारी, सगळ्या त्यात बसतात. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये चित्रपटाचं प्रत्येक निर्मिती युनिट ही अशी कामाची जागा आहे आणि तिथे तक्रार समिती हवी, असं सांगितलं. फिरतं चित्रीकरण आणि फिरता फड यांत या दृष्टीने मला तरी फरक दिसत नाही.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकाने 'अंतर्गत समिती' नेमायची असते. तिची प्रमुख बाई, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा. नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची 'स्थानिक समिती' असते. उचल घेतलेल्या बाईला ही दुसरी वाटच उपयोगाची, कारण पहिली समिती नेमणारा मालकच तिच्याकडून उचल वसूल करणारा असतो.

"छेड काढणारा प्रेक्षक होता, कमिटीचा काय संबंध?"

हा आक्षेप मी आमच्याच बैठकीत ऐकलाय. त्याचं उत्तर कायद्यात सरळ आहे. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही संरक्षण देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. छेड काढणारा नोकर नसला आणि बाईची इच्छा असली, तर गुन्हा नोंदवायला मदत करणं हेही कर्तव्य आहे.

यातला मालक कोण, फडमालक की यात्रा कमिटी? फडातल्या माणसांपुरता फडमालक. पण मंच, वीज, वाट, कुंपण आणि गर्दी ज्यांच्या हातात आहे ती कमिटी. लग्नात आपण आचारी बोलावतो तेव्हा स्वयंपाक त्याचा असतो, पण मांडवाला आग लागली तर आपण हात झटकू शकत नाही. हे दोघांनी मिळून उचलायचं ओझं आहे आणि म्हणूनच ते कागदावर वाटून घ्यायला हवं.

खोट्या तक्रारींची भीतीही लगेच बोलली जाते. मुद्दाम खोटी तक्रार केल्याचं सिद्ध झालं तर कारवाईची तरतूद याच कायद्यात आहे. मात्र तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणजे ती खोटी, असं कायदा म्हणत नाही. उद्या दुसऱ्या गावी खेळ असलेल्या बाईने साक्षीदार कुठून उभे करायचे, याचाही विचार व्हावा.

फिरत्या माणसाला बसका कायदा

खरी अडचण इथे आहे. कायदा एका जागी बसून काम करणाऱ्या बाईच्या कल्पनेवर उभा आहे. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, कारण पटलं तर आणखी तीन. चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. आणि फड आज जुन्नरला, उद्या पारनेरला, परवा संगमनेरला. गाव मागे पडलं, जिल्हा बदलला, अर्ज कुठे द्यायचा हेच कळत नाही.

तरी दोन-तीन धागे हाताशी आहेत. ग्रामीण भागात प्रत्येक तालुक्याला एक नोडल अधिकारी नेमायचा असतो. त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची. बाईला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून द्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. आणि गुन्हा नोंदवायचा असेल तर तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग ते ठाणं घटना घडलेल्या हद्दीतलं नसलं तरी चालतं. याला 'झिरो एफआयआर' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेत तो स्पष्ट लिहिला आहे. परवाच्या गावात पोचल्यावरही वाट बंद झालेली नसते.

हे अधिकारी नेमलेलेच नाहीत, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. गोव्यातून आलेल्या एका अपिलात न्यायालयाने मे २०२३ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना ही रचना पूर्ण करायला सांगितलं. यात्रा कमिटीला करता येण्यासारखं सोपं काम म्हणजे तहसील कार्यालयातून आपल्या तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि फोन घ्यायचा आणि कनातीच्या आत जाड अक्षरात लावायचा. शेजारी ११२ आणि महिलांसाठीचा १८१. मंचासमोर नको, आत. ज्यांना लागेल त्यांना दिसेल असा.

जात यात कुठे येते?

सगळीकडे येते. तमाशा आणि लावणी शतकानुशतकं महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ अशा समाजांनी सांभाळली. बाईला मंचावर डोक्यावर घ्यायचं आणि खेळ संपल्यावर तिला प्यायला पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचं यावर कुजबुजायचं, हे फार जुनं झालेलं नाही. 'ती तसलीच' हा शब्द जिभेवर येतो तेव्हा त्यात बाईपण आणि जात दोन्ही मिसळलेली असतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळवला. दिवस भरलेले असताना त्यांनी खेळ चालू ठेवला, मंचामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ही हकिकत आपण अभिमानाने सांगतो. मी ती ऐकतो तेव्हा मला आधी हे दिसतं की त्या रात्री त्यांना थांबता येईल अशी सोय कुणी केली नव्हती.

अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीला त्या समाजांबाहेरच्या माणसाने तिच्या संमतीशिवाय लैंगिक हेतूने स्पर्श करणं, तसे शब्द किंवा हावभाव करणं हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. पण इथे एक फट आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. मांग, महार अनुसूचित जातींत आहेत. कोल्हाटी, गोपाळ महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहेत, त्यांना हा कायदा लागत नाही. एकाच बारीत शेजारी उभ्या असलेल्या दोघींशी एकच माणूस सारखंच वागला तर गुन्ह्याची कलमं वेगळी लागतात. ही फट बुजवणं सरकारचं काम. तोवर कोल्हाटी बाईच्या बाजूने गावाने जास्त जागं राहायला हवं.

"मग नाच्याचं काय? तो तर पुरुष"

चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर समाधानकारक नाही. पॉश कायद्यात तक्रार करायचा हक्क स्त्रीला आहे. नाच्याला किंवा लावणी करणाऱ्या पुरुषाला कनातीमागे जो त्रास होतो तो तर मोजलाच जात नाही, कारण त्याची चेष्टा करणं हा खेळाचाच भाग मानला जातो. तृतीयपंथी कलावंतांसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात लैंगिक छळालाही शिक्षा आहे, पण जास्तीत जास्त दोन वर्षं. एवढी कमी शिक्षा का, हा प्रश्न त्या समाजाने तेव्हाच विचारला होता.

कायद्यात जे नाही ते कागदात आणता येतं. 'फडातल्या कुणाही कलावंताला' असा शब्द वापरला की बाई, पुरुष, तृतीयपंथी, लहान पोर सगळे आले. अंध गायकांचा वाद्यवृंद बोलावला असेल तर दिवसाउजेडीच मंच आणि पायऱ्या एकदा हाताने दाखवून आणा आणि खेळ संपेपर्यंत मंचाच्या कडेला एक माणूस उभा ठेवा. त्याला वेगळ्या कायद्याची वाट पाहायला नको.

"एवढं मागितलं तर गाव तमाशाच बोलावणार नाही"

हा आक्षेप मी हलका समजत नाही, कारण तो फडातल्या लोकांकडूनही येतो. २०२० आणि २०२१ चे हंगाम कोरोनात गेले, फडमालक कर्जात रुतले, कित्येक कलावंत मजुरीला गेले. अशा माणसाला 'अटी घाल' असं सांगणं सोपं आहे. अटी घातल्या की कमिटी शेजारच्या राहुटीत जाते, किंवा डीजे आणते.

म्हणून अटी फडाकडून येऊ नयेत, गावाकडून याव्यात. सुपारी देणाऱ्याने स्वतःहून लिहून दिलं तर मागणाऱ्याचं काही बिघडत नाही. खर्चाचं म्हणाल तर ताडपत्री, खोलीची किल्ली, बांबूचं कुंपण, दोन हॅलोजन आणि गावातल्याच सहा जाणत्या बाया-माणसांची पाळी. आमच्या वहीत हा खर्च शोभेच्या दारूच्या खर्चापेक्षा बराच कमी निघाला. कठीण जातं ते वेगळंच. मंचावर चढणारा पोरगा सरपंचाचा पुतण्या निघतो तेव्हा त्याला खाली कोण ओढणार? ते नाव आधी ठरवावं लागतं आणि तो माणूस त्या रात्री न पिता उभा राहावा लागतो.

कागदावर

आम्ही शेवटी सुपारीच्या कागदाच्या मागच्या बाजूला हाताने लिहिलं. कपडे बदलायला कडीची खोली. शौचालयाची किल्ली फडाच्या ताब्यात. दौलतजादा ताटात. कनातीजवळ फोन घेऊन कुणी दिसलं तर कमिटी तो ताब्यात घेऊन पोलिसांना बोलावेल. परवानगीची वेळ संपली की 'अजून एक' चा हट्ट कमिटी मोडेल, कलावंताला नकार द्यायला लावणार नाही. कलावंताच्या सुरक्षेसाठी खेळ थांबवावा लागला तरी रक्कम पूर्ण. फडाच्या गाड्या गावची शीव ओलांडेपर्यंत कमिटीचे दोघे सोबत. कमिटीत त्या वर्षी पहिल्यांदा दोन बाया घेतल्या. त्यांतल्या एकीने शौचालयाची ओळ लिहायला लावली, आम्हा कुणाला ती सुचली नव्हती.

राहुटीत कागद पुढे ठेवला तेव्हा फडाच्या मॅनेजरने तो दोनदा वाचला आणि आत जाऊन अक्कांना वाचून दाखवला. त्या बाहेर आल्या, म्हणाल्या, "सगळं बरोबर लिहिलंय. एक राहिलं. खेळ बंद पडला की गाव आम्हाला उपाशी पाठवतं. जेवण खेळाच्या आधी द्या, एवढं घाला त्यात."

मी ते शेवटच्या ओळीखाली लिहिलं, दोघांच्या सह्या झाल्या.